तापाचें उसनें पंचांग

इन्फ्लुएंझा हा शब्द इटालियन भाषेंतला असून त्याचा मूळ अर्थ 'प्रभाव' असा आहे. गांवेंच्या गांवें तापानें अंथरुणास खिळूं लागलीं, कीं हा आकाशांतील ग्रहताऱ्यांचा प्रभाव होय, अशी त्या काळच्या युरोपांतील लोकांची समजूत असे. ग्रहांचा अंमल सरला, नांव मात्र राहिलें. आणि ग्रहांच्या रिकाम्या सिंहासनावर आम्हीं हवेला बसविलें. ब्रह्मपुरीच्या कोणत्याही सुशिक्षित घरीं श्रावणांत जावें, दोन माणसें पांघरूण घेऊन पडलेलीं दिसावीं आणि कारण विचारावें, तर उत्तर ठरलेलें आहे: "हवा बदलली ना!" जणूं हवाच रोगाची जननी असून मनुष्याकडे त्यांत कांहीं कर्तव्य उरलेलेंच नाहीं. याच घरांत दुसरीही एक समजूत नांदत असते. ती अशी कीं, फ्लू हा थंडीचा रोग. तो डिसेंबरांत यावयाचा. तेव्हां त्याची लस घ्यावयाची झाली तर ती दिवाळीच्या सुमारास घ्यावी. पहिली समजूत आळशी आहे व दुसरी उसनी आहे. या दोहोंमुळें आमच्या भागाचें जें नुकसान दरवर्षीं होत आहे, तें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उसन्या समजुतीचा उगम शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. वैद्यकाचीं क्रमिक पुस्तकें ज्या देशांत लिहिलीं गेलीं, त्या देशांत फ्लू खरोखरच हिंवाळ्यांत येतो. लंडन किंवा न्यूयॉर्क येथें थंडीच्या चार-पांच महिन्यांत घराचीं दारें-खिडक्या बंद असतात, ऊन क्षीण असतें, आणि तापविलेल्या खोलींतील हवा कोरडी असते. अमेरिकेंतील संशोधकांनीं गिनीपिग जातीच्या प्राण्यांवर केलेले व २००७ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतींत प्रमाण मानले जातात. हवा थंड व कोरडी असतांना एका पिंजऱ्यांतील आजारी जनावरापासून शेजारच्या पिंजऱ्यांतील निरोगी जनावरास हवेवाटे सहज लागण झाली. हवा फार दमट असतां ती मंदावली. आणि ३० अंश उष्णतेंत तर ती थांबलीच. कोरड्या हवेंत खोकल्याचे तुषार लौकर आटून हलके होतात व तरंगत राहतात, शिवाय नाकाच्या आंतलें ओलें अस्तर सुकून दुबळें होतें, असा त्याचा उलगडा केला जातो. शास्त्र म्हणून यांत कांहीं दोष नाहीं. दोष आहे तो लंडनचा नियम वैनगंगेच्या कांठीं जसाच्या तसा लावणाऱ्यांचा.

ब्रह्मपुरीचें वर्ष कसें जातें तें पाहा. विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस-एकवीस अंशांवर वसलेलें हें गांव मे महिन्यांत देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकतें. कारण येथील पारा ४५ अंश ओलांडून कधीं कधीं ४७ च्या घरांत जातो. मृगाच्या मागोमाग पाऊस येतो, आणि वर्षाच्या पावसाचा बहुतेक सारा वांटा पुढच्या चार महिन्यांत पडून जातो. उन्हाच्या कडाक्यामुळें विदर्भांतील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस, उघडतात. त्याच सुमारास धानाचे पऱ्हे हिरवे होतात आणि जुलैपासून बांध्या-बांध्यांतून रोवणीची धांदल उडते. हवा बाष्पानें अशी भरलेली असते कीं, वाळत घातलेलें लुगडें दोन दोन दिवस वाळत नाहीं. लंडनच्या नियमाप्रमाणें हा काळ फ्लूला सर्वांत प्रतिकूल ठरावयास पाहिजे. प्रत्यक्षांत काय घडतें? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं आपल्या सहकाऱ्यांसह देशांतील दहा शहरांतल्या रुग्णांच्या तपासण्यांवरून २०१५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या दहांत येथून सुमारें सव्वाशें किलोमीटरांवरचें आमचें नागपूर आहे. श्रीनगरांत फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च असतो. चेन्नई व वेल्लूर येथें तो ईशान्येच्या मोसमी पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येतो. आणि दिल्ली, लखनौ, पुणें, कोलकाता यांप्रमाणेंच नागपुरांतही तो जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे ऐन पावसांत, शिगेस पोहोंचतो. हिंवाळ्यांत एक धाकटी लाट येते खरी. पण थोरली लाट पावसाचीच.

हा प्रकार केवळ आमच्याच देशाचा आहे असेंही नाहीं. २०१३ सालीं जगांतील ७८ ठिकाणांच्या नोंदी ताडून पाहणाऱ्या संशोधकांना फ्लूचे दोन निरनिराळे ऋतु आढळले: एक थंड व कोरडा, आणि दुसरा दमट व पावसाळी. जेथें थंडी कडक नसते, तेथें बहुधा महिन्यास १५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या महिन्यांत पडतो त्याच महिन्यांत हा रोग बळावतो. ज्यांना परदेशी साक्षीवांचून पटत नाहीं, त्यांच्यासाठीं ही साक्ष आहे. पण आमच्या झाडीपट्टीच्या माणसांनीं या गोष्टीची नोंद आपल्या परीनें फार पूर्वींच करून ठेविली आहे. श्रावण अमावास्येस पोळा होतो. दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, पूर्व विदर्भांत मारबत काढतात, आणि तिला गांवाबाहेर घालवितांना खोकला, खांसी, रोगराई बरोबर घेऊन जा म्हणून ओरडून सांगतात. खोकल्याला हांकलून देण्याचा दिवस या लोकांनीं पौष-माघांत न ठेवितां पावसाच्या पोटांत ठेविला. हा योगायोग म्हणून कोणास सोडून द्यावयाचा असेल तर त्यानें खुशाल द्यावा. परंतु पुस्तकांतला हिंवाळा पाठ म्हणणाऱ्या पदवीधरापेक्षां मारबतीमागें धांवणारें पोर या बाबतींत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे, हें कबूल केलें पाहिजे.

मग एवढ्या दमट व उष्ण हवेंत हा विषाणु पसरतो तरी कसा? येथें त्याच गिनीपिगांच्या कथेचा उत्तरार्ध ऐकण्यासारखा आहे. ३० अंश उष्णतेंत शेजारच्या पिंजऱ्यांत रोग गेला नाहीं, हें वर सांगितलेंच. पुढें २००८ सालीं त्याच संशोधकांनीं आजारी व निरोगी जनावरें एकाच पिंजऱ्यांत ठेविलीं, तेव्हां तितक्याच उष्णतेंत लागण बिनदिक्कत झाली. हवेची वाट बंद झाली होती, सहवासाची वाट उघडी होती. आतां झडीचे दिवस डोळ्यांपुढें आणावे. पाऊस आठ आठ दिवस उघडत नाहीं, मुलें, म्हातारीं, तापकरी सारीं एका खोलींत, खिडकीवर गोणपाट, ओला रुमाल, तोच पेला, तेंच पांघरूण. एका बाकावर चार मुलें बसलेली शाळा. रोवणीच्या बायांना घेऊन जाणारी, वरून ताडपत्री घातलेली गाडी. हा सगळा एकच पिंजरा होय. सूर्याचें ऊनही, जें विषाणूचा नाश करतें, त्या दिवसांत आठवड्याचा उपास करीत असतें. हिंवाळ्यांतल्या धाकट्या लाटेचाही विचार याच दृष्टीनें करावा. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गार रात्रीं हजारों माणसें खांद्यास खांदा लावून उजाडेपर्यंत बसतात. हवा व माणसांची दाटी यांची वांटणी करून अमुक अंश हिचा व अमुक अंश तिचा असें काटेकोर सांगणें शास्त्रज्ञांसही अद्याप साधलेलें नाहीं. परंतु दाटीचा वांटा लहान नाहीं एवढें निश्चित आहे.

येथें आळशी समजुतीचा समाचार घेणें प्राप्त होतें. फ्लू पावसांत येतो हें ठरलें, तेव्हां पाऊसच त्याचें कारण, आणि पाऊस तर आपल्या हातीं नाहीं, असा सोईस्कर निष्कर्ष काढणारे लोक पुष्कळ निघतील. त्यांच्यासमोर तीन वर्षें ठेवितों.

पहिलें वर्ष १९१८. त्या जूनमध्यें मुंबईच्या गोदींतून ही सांथ शिरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली, ती मारक. एकट्या मुंबईंत ६ ऑक्टोबर या एका दिवशीं ७६८ मृत्यु झाले. आगगाडीच्या रुळांवरून ती देशाच्या अंतर्भागांत पसरली, आणि ज्यांत तेव्हांचा चांदा जिल्हा मोडत असे, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची गणना सर्वाधिक प्राणहानि झालेल्या प्रांतांत झाली. लोकांनीं तिला मानमोडी हें नांव दिलें. अभ्यासकांचे अंदाज निरनिराळे आहेत, तरी देशांत सुमारें सव्वा ते पावणेदोन कोटी माणसें तिनें नेलीं असें ते सांगतात. आणि विसाव्या शतकांत ज्या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, असें १९११ ते १९२१ हें एकच दशक आहे. त्या वर्षीं पाऊस कसा होता? १९१८ चा मान्सून हा गेल्या दीडशें वर्षांतील अत्यंत अपुऱ्या मान्सूनांपैकीं एक होय. पाऊसच कारण असता तर त्या कोरड्या वर्षीं देश वांचावयास पाहिजे होता. हवामानानें रोगाला हात दिला खरा, पण तो निराळ्या वाटेनें: पीक बुडालें, धान्य महागलें, आणि अर्धपोटीं शरीरांत आलेल्या तापाला रोखण्याचें बळ राहिलें नाहीं.

दुसरें वर्ष २०१५. २००९ सालीं नव्यानें आलेल्या एच१एन१ या विषाणूनें त्या वर्षीं देशांत पुनः उचल खाल्ली, ती जानेवारीपासून मार्चपर्यंत. पावसाचें नांव नसतांना. वर्षअखेरपर्यंत सुमारें ४२ हजार लोकांना लागण झाल्याचें तपासणींत ठरलें व सुमारें ३ हजार दगावले.

तिसरें वर्ष २०२०, आणि तें सर्वांत बोलकें आहे. त्या वर्षीं पाऊस वेळेवर आला, भरपूर आला. ऑगस्टच्या अखेरीस गोसीखुर्दच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वैनगंगेला असा पूर आला कीं ब्रह्मपुरी तालुक्यांतील कित्येक गांवें पाण्यांत गेलीं. हवा दमट होती, ढग होते, सारें यथासांग होतें. फ्लू मात्र जवळजवळ दिसेनासा झाला होता. आणि तो केवळ येथें नव्हे, जगभर. करोनाच्या भीतीनें शाळा बंद होत्या, बाजार ओस होते, तोंडावर फडकीं होतीं. फ्लूच्या विषाणूची एक शाखा, जिला शास्त्रज्ञ बी-यामागाता म्हणतात, ती तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणें कोठेंच सांपडलेली नाहीं. जें ऋतूंनीं कधीं केलें नव्हतें, तें माणसांच्या दुराव्यानें केलें. शाळा-बाजार बंद ठेवून जगणें हा कांहीं नेहमींचा उपाय होऊं शकत नाहीं; पण "हवाच तशी आहे, त्याला कोण काय करणार?" हा प्रश्न यापुढें कोणीं तोंडावाटे काढूं नये, इतका धडा त्या वर्षानें खचित दिला आहे.

शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर हवा हा वाफसा आहे, बीं नव्हे. वाफसा कितीही उत्तम असला तरी बीं पडल्याविना कांहीं उगवत नाहीं. आणि बीं नवें व जोरकस असेल, जमिनीनें तें पूर्वीं कधीं पाहिलेंच नसेल, तर अवेळींही तें तरारतें. १९१८ चें बीं असें नवें होतें. जुन्या, ओळखीच्या विषाणूला मात्र ऋतूची वाट पाहावी लागते, कारण पुष्कळांच्या शरीरांत त्याच्याविरुद्ध थोडाफार पहारा बसलेला असतो. वाग्भटानें ऋतुसंधीचे चौदा दिवस वेगळे काढून सांगितले, ते काय त्या दिवसांत निमूटपणें आजारी पडावें म्हणून? ऋतूचें नांव आणि त्या ऋतूंतली वागणूक त्यानें एका दमांत सांगितली. आम्हीं नांव लक्षांत ठेविलें, वागणूक सोडून दिली.

ही चर्चा केवळ पंडितांची नव्हे, हें लशीच्या हिशेबावरून कळेल. लस टोंचल्यापासून सुमारें दोन आठवड्यांनीं तिचा गुण येतो आणि पुढें कांहीं महिन्यांत तो ओसरूं लागतो. जो मनुष्य लंडनच्या पंचांगाप्रमाणें ऑक्टोबरांत लस घेतो, त्याचें संरक्षण पुढील जुलैंत, म्हणजे ज्या वेळीं तें हवें त्याच वेळीं, क्षीण झालेलें असतें. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षीं दोनदां लशींत कोणते विषाणु घालावे तें ठरविते: फेब्रुवारींत उत्तर गोलार्धाच्या पुढील हिंवाळ्यासाठीं, आणि सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धासाठीं. नकाशावर आम्हीं उत्तरेचे. पण आमचा फ्लू दक्षिणेच्या वेळेवर चालतो. म्हणून सप्टेंबरांत ठरलेली ताजी लस एप्रिल-मे महिन्यांत घेणें हें आमच्या हिताचें. वर सांगितलेल्या दहा शहरांच्या अभ्यासाचाही रोख हाच आहे: श्रीनगर व तामिळनाडू यांचें वेळापत्रक निराळें, आणि उरलेल्यांनीं पावसापूर्वीं टोंचून घ्यावें.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं, फ्लू म्हणजे चार दिवसांचा ताप. त्याचें एवढें स्तोम कशाला? धडधाकट तरुणाच्या बाबतींत तें खरें आहे. परंतु गर्भवती स्त्री, पांच वर्षांखालील मूल, साठी-पासष्टी उलटलेले आजी-आजोबा, मधुमेही व दमेकरी यांच्या बाबतींत तें खरें नाहीं. यांचा फ्लू छातींत उतरतो. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे यांत आणखी एक नांव घातलें पाहिजे, तें सिकलसेलच्या रुग्णांचें. हा रक्तदोष आमच्या भागांत जितका आहे तितका राज्यांत थोड्याच ठिकाणीं असेल, आणि अशा रुग्णाला साधा तापही असह्य वेदनांच्या खाईंत लोटूं शकतो. दुसरा आक्षेप असा कीं, लस पूर्ण खात्रीची नाहीं. नाहींच. ज्या वर्षीं विषाणूची निवड बरोबर जमते त्या वर्षीं ती शंभरांतल्या चाळीस-साठांचा आजार टाळते. अर्धी रोवणी वांचली तर ती सोडून देणारा शेतकरी आम्हांस कोणी दाखवावा!

याहून मोठी अडचण निराळीच आहे. आमच्याकडील पावसाळा हा तापांची जत्राच असतो. हिंवताप, ज्याचें गडचिरोली हें राज्यांतील एक प्रमुख माहेरघर, डेंग्यू, स्क्रब टायफस, आणि या सर्वांच्या गर्दींत फ्लू. रक्ताच्या तपासणींत हिंवतापाचे जंतु दिसले नाहींत कीं "व्हायरल आहे" असें म्हणून प्रकरण मिटतें, आणि पाठोपाठ आमच्याच आग्रहावरून एक सुई व एक सलाईन लागतें. जीवाणूंवरचें औषध विषाणूवर चालत नाहीं, हें घरांतल्या पदवीधरास माहीत असतें. तरी बिनसुईच्या डॉक्टराकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाहीं. फ्लूवरचें खरें औषध ओसेल्टामिविर आहे. तें पहिल्या दोन दिवसांत सुरू केलें तर उत्तम गुण देतें, आणि वर सांगितलेल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांना त्याची खरी गरज असते. पण हे दोन दिवस "हवा बदलली" म्हणण्यांत निघून जातात.

आणि हवा खरोखरच बदलत आहे. मात्र आम्हीं म्हणतों त्या अर्थानें नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. पाऊस धसमुसळेपणानें पडूं लागला. ज्या रोगाचें वेळापत्रक पावसाशीं बांधलेलें आहे, त्याचें वेळापत्रक स्थिर राहील अशी हमी कोण देणार? तेव्हां लंडनचें पंचांग टाकून नागपूरचें घेतलें म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. आम्हांस छापील पंचांग नको. रोज मांडलेलें पाहिजे. ब्रह्मपुरीच्या उष्म्याचा आंकडा मे महिन्यांत शेंबड्या पोरालाही पाठ असतो. ऑगस्टांत येथें किती तापकरी आले, त्यांतल्या किती जणांचा नाकाचा स्राव तपासला आणि किती जणांना फ्लू निघाला, हा आंकडा किती सुशिक्षितांनीं आजवर विचारला? पारा, पाऊस व ताप हे तिन्ही आंकडे आठवड्याच्या आठवड्यास एका पाटीवर सरकारी रुग्णालयाच्या दारांत लागावे, अशी मागणी करावयास आंदोलनाची गरज नाहीं. चार जबाबदार नागरिकांचा अर्ज पुरे आहे.

राहतां राहिला आमच्या घरांतला प्रश्न. रोवणीच्या दिवसांत ज्या बाईस ताप येतो, ती त्या दिवशीं घरीं राहिली तर तिची मजुरी बुडते. म्हणून ती चिखलांत उभी राहते व संध्याकाळीं तोच ताप गाडींतल्या दहा जणींना वांटून येते. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु हजेरी बुडूं नये म्हणून तापलेलें मूल गोळी देऊन शाळेंत धाडणारे आईबाप, खोकत खोकत कचेरींत जाऊन आपल्या निष्ठेचें प्रदर्शन करणारे कारकून, आणि धुणें-भांडीं करणारी बाई फणफणलेली असतांही तिचा खाडा धरणाऱ्या गृहिणी, यांना हवेची सबब मिळतां कामा नये. खाडा न धरणें, मूल घरीं ठेवणें, झडींतही एक खिडकी उघडी राहील असें पाहणें, आणि घरांतील वृद्धांना, गर्भवतींना व आजाऱ्यांना मृग लागण्यापूर्वीं लस देणें, एवढें तरी ज्यांच्या हातांत आहे त्यांनीं केलें पाहिजे. ज्यांच्या हातांत तेंही नाहीं, त्या मजूर स्त्रियांना व आश्रमशाळांतील मुलांना हीच लस मे महिन्यांत फुकट मिळावी, आणि तापाच्या दिवसाची मजुरी बुडूं नये, हें मागणें त्यांच्या वतीनें आम्हीं मागितलें पाहिजे. तें जून उजाडण्यापूर्वीं मागावें; पोळ्यानंतर मागून उपयोग नाहीं.